‘ठेवू नये’ : मनाई की सल्ला?

प्रश्न

नेटवर्कला जोडलेलं उपकरण आपली ओळख त्या नेटवर्कला कशी करून देतं, याच्या एका मानकाचा मसुदा आणि त्याचं अंतिम रूप शेजारी ठेवून आम्ही काही जण मराठीत टिपणं काढतोय. मानकाचं नाव ‘मॅन्युफॅक्चरर यूसेज डिस्क्रिप्शन’, बोलताना नुसतं मड. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत घडलं आणि मार्च २०१९मध्ये आरएफसी ८५२० म्हणून प्रसिद्ध झालं (आरएफसी म्हणजे अशा क्रमांकित कागदपत्रांची मालिका). कल्पना सोपी आहे. बल्ब नेटवर्कला एक यूआरएल देतो. तिथे उत्पादकाची जेसन फाइल, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा ठरावीक मांडणीतली फाइल, असते. या बल्बला कोणाकोणाशी बोलावं लागतं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. फ्रिजशी किंवा प्रिंटरशी बोलायचं त्याला काही कारण नाही.

अडलोय ते एका आकड्यापाशी. फाइल एकदा आणली की पुन्हा तपासण्याआधी किती तास थांबायचं, हे उत्पादक त्या फाइलमध्येच लिहितो. तो आकडा २४ पेक्षा कमी नसावा ही शिफारस. उत्पादकाचा आधार अजून चालू असलेल्या उपकरणांसाठी १६८ पेक्षा जास्त असणं मात्र निषिद्ध. आमच्या टिपणात उतरलं असं: ‘२४ पेक्षा कमी ठेवू नये, १६८ पेक्षा जास्त ठेवू नये.’ वाचणाऱ्याला फरक कळणार कसा?

प्रतिसाद

नाहीच कळणार. ‘करावे’ आणि ‘करू नये’ ही रूपं मराठीत दोन्ही कामं करतात. सोसायटीच्या फलकावर ‘पाणी जपून वापरावे’ हा सल्ला असतो आणि त्याच फलकावर ‘जिन्यात वाहने लावू नयेत’ ही मनाई. आपण संदर्भावरून ओळखतो. सरकारी पत्रातलं ‘अहवाल सादर करावा’ तर सरळ हुकूमच. मसुदा तपासताना संदर्भावर विसंबून चालत नाही, कारण वाचणारा त्यावरून कोड लिहिणार असतो.

प्रतिसाद

कायद्याच्या मराठीने यातून वाट काढलीय. तिथे बंधनासाठी भविष्यकाळ येतो: ‘भारत हा राज्यांचा संघ असेल.’ पण तांत्रिक टिपणात ‘आकडा १६८ पेक्षा जास्त नसेल’ लिहिलंत तर ते भाकीत वाटेल. ती वाट इथे नको.

प्रतिसाद

मुळात मानकात बंधन आणि शिफारस सांगणारे शब्द साधे इंग्रजी शब्द नाहीत. ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ यांचे अर्थ १९९७च्या आरएफसी २११९ने बांधून दिले. ‘शुड’ म्हणजे ‘जमलं तर करा’ नव्हे. खास परिस्थितीत सबळ कारण असेल तर सोडता येतं, पण परिणाम नीट समजून आणि तोलून मगच. मराठीत ‘शिफारस’ म्हटलं की वजन जरा कमीच पडतं. तरी माझं मत त्याच शब्दाला. ‘अपेक्षित’ फार गुळमुळीत आहे.

२०१७मध्ये आरएफसी ८१७४ने आणखी स्पष्ट केलं की हे शब्द मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) असतील तेव्हाच त्यांना तो बांधलेला अर्थ. देवनागरीत मोठी लिपी आहेच कुठे? म्हणून ठरावीक शब्द घ्या, ते ठळक छापा आणि इतरत्र त्या अर्थाने वापरायचं टाळा: बंधनकारक, निषिद्ध, शिफारस, ऐच्छिक. क्रियापदाच्या रूपावर भार टाकूच नका.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. त्या आकड्याचा फरक यंत्रालाही कळतो, हे टिपणात जरूर लिहा. फाइलची रचना यंत्राला कळेल अशी मांडणाऱ्या यँग मॉडेलमध्ये त्याची मर्यादा १ ते १६८ अशी दिलीय. २०० लिहिलेत तर तपासणीत फाइल नापास होते. १२ लिहिलेत तर बिनबोभाट पास. म्हणजे शिफारशीवर नजर ठेवायला माणूसच हवा, आणि नेमकं तेच तुमच्या मराठी वाक्यातून निसटलं होतं.

प्रश्नकर्ता

असं केलं: ‘हा आकडा किमान २४ ठेवण्याची शिफारस आहे. उत्पादकाचा आधार चालू असलेल्या उपकरणांसाठी १६८ पेक्षा जास्त ठेवणे निषिद्ध आहे. काहीच लिहिले नाही तर ४८ धरावा.’ शेवटचा ‘धरावा’ खटकतोय.

प्रतिसाद

‘४८ धरला जातो’ करा. तो नियम नाही, मूळ नेमलेलं मूल्य आहे.

प्रतिसाद

जाता जाता. ‘यूसेज’ला नुसतं ‘वापर’ लिहिलंत तर घरातला माणूस बल्ब कसा वापरतो असं वाटेल. इथे प्रश्न आहे तो उपकरणाला नेटवर्कचा कोणता वापर लागतो हा. आणि ‘परवानगी’ हा शब्द तर अजिबात नको. उत्पादक फक्त सांगतो. दार किती उघडायचं ते नेटवर्क सांभाळणारा ठरवतो.

प्रश्नकर्ता

‘मड मॅनेजर’चं, म्हणजे उत्पादकाची फाइल आणून त्यानुसार नेटवर्कमध्ये बदल करवणाऱ्या यंत्रणेचं काय? आधीच्या मसुद्यांत ‘कंट्रोलर’ होतं, म्हणून आम्ही ‘नियंत्रक’ लिहून बसलो होतो.

प्रतिसाद

बदला. अंतिम मानकात ‘कंट्रोलर’ वेगळ्या अर्थाने आहे: उपकरण ज्याच्याशी बोलतं, त्या नियंत्रण करणाऱ्या यंत्रणांचा वर्ग. ‘नियंत्रक’ त्याच्यासाठी राखून ठेवा. मॅनेजरला ‘मड मॅनेजर’च राहू द्या. ‘व्यवस्थापक’ लिहिलंत तर कोणीतरी त्याचा फोन नंबर विचारेल.