उद्योगपतींचा खासगीपणा: पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढा?

गिरगावकर: 'अडकित्ता' यांची कालची पोस्ट डोक्यातून जात नाही. म्हणे, उद्योगपतींच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणाऱ्या माध्यमांना आवरायला वेगळा कायदा करा. वेगळा कशाला? २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तो टपरीवाल्यालाही आहे. त्याआधी २०१० मध्ये राडिया टेप, म्हणजे कंपन्यांसाठी लॉबिंग करणाऱ्या नीरा राडियांचे टॅप केलेले फोन, 'ओपन', 'आउटलुक' या मासिक-साप्ताहिकांत आल्या तेव्हा रतन टाटा राज्यघटनेचं कलम २१ (जगण्याचा हक्क) घेऊन सुप्रीम कोर्टात गेलेच होते. पण त्याच टेपमध्ये दूरसंचार खातं कुणाला मिळावं याचीही खलबतं होती. तुमच्या कायद्याने तीही झाकली असती.

अडकित्ता: अहो, आयकर खात्याने तपासासाठी फोन ऐकले, ठीक. बाहेर फुटले कसे? २०२२ मध्ये सीबीआयने कोर्टात सांगितलं, गुन्हा सापडला नाही. मग बारा वर्षं काय चघळलंत?

गिरगावकर: गुन्हा नाही म्हणून बातमी नाही? धन्य!

लोकल_९_०३: खासगीपणावरून आठवलं. जुलै २०२४, बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुल) अंबानींकडचं ते लग्न. घरचं कार्य, पण वाहतुकीच्या सूचनेत 'सार्वजनिक कार्यक्रम'! आम्हाला घरून काम. ऑफिसखालच्या पोहेवाल्याने शुक्रवारी पहाटे पाच किलो भिजवले होते, ते पातेल्यासकट घरी नेले.

अडकित्ता: विषय काय, तुम्ही कुठे!

लोकल_९_०३: विषय हाच. रस्ता हवा तेव्हा सार्वजनिक, कॅमेरा आला की खासगी.

कलानगरची_मावशी: अगदी! बाबांना डायलिसिसहून आणत होते. टॅक्सीवाला म्हणाला, "ताई, पुढं नाय जानार." ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला पावसात चालवत आणलं.

गिरगावकर: मावशी, वाईट वाटलं. पण ट्रॅफिकचा वेगळा धागा काढा ना.

लोकल_९_०३: तुम्ही मॉडरेटर कधी झालात?

अडकित्ता: माझा मेहुणा कॅमेरामन. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्रीच कँडी हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर होता. टाटांनी ७ तारखेला स्वतः लिहिलं होतं, तपासण्या चालू आहेत, चुकीची माहिती पसरवू नका. ९ला गेले. मेहुण्याला डेस्कवरून दर अर्ध्या तासाला फोन, "व्हीलचेअर दिसली का?" लाज वाटली म्हणतो. यावर बोला.

गिरगावकर: आणि घरी आल्यावर घरच्यांनी काय विचारलं त्याला?

अडकित्ता: ...सासूबाईंनी विचारलं, "काही दिसलं का रे?"

गिरगावकर: बरं, हॉस्पिटलचं दार तुम्हाला दिलं. टेप देत नाही.

अडकित्ता: मोठे उपकार झाले.

लोकल_९_०३: आणि पोहे कुणाच्या खात्यात मांडायचे?