मदत हवी आहे: बाळाची धुरी कशी थांबवावी?

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमचे घर असून आमचे पहिले बाळ महिनाभराचे आहे. पावसामुळे घरात सतत ओल असते, म्हणून सासूबाई रोज अंघोळीनंतर दार लावून शेगडीतील निखाऱ्यांवर ओवा आणि वेखंड टाकतात व बाळाला त्या धुरावर धरतात. त्यांची माया मला कळते. माझी अळिवाची खीरही त्याच करतात. परंतु धुराने तान्ह्या बाळाच्या श्वासाला त्रास होतो, आणि बंद खोलीतील निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तर वासानेही कळत नाही. बाळ धुरात ठसकते तेव्हा माझा जीव वरखाली होतो. बाळगुटीचाही आग्रह आहे, जरी पहिले 6 महिने केवळ आईचेच दूध द्यावे असे डॉक्टर सांगतात.

माझ्याजवळचे तायी कार्ड (आई व बाळाच्या आरोग्याच्या नोंदीचे सरकारी कार्ड) कन्नडमध्ये आहे, त्यामुळे त्यातील माहिती सासूबाईंना वाचून दाखवता येत नाही. सहाव्या आठवड्याच्या लसीच्या वेळी आशाताईंकडून त्यांना मराठीत समजावून सांगावे काय? ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांचे मन न दुखवता धुरी बंद केली, त्यांनी नेमके काय सांगितले? तसेच पावसाळ्यात लंगोट व दुपटी धुराविना कशी वाळवावीत, हेही कृपया कळवावे.