शाळेचं बोधचिन्ह बॅज, पाटी, वही सगळीकडे नीट उमटेल असं कसं करावं?

खडूफळा: पहिली ते चौथीची मराठी शाळा आहे. बोधचिन्ह, रंग, अक्षरं नव्यानं ठरवायची आहेत. सुरुवात कुठून?

शाईदौत: सर्वांत लहान वापरापासून, म्हणजे गणवेशाच्या बॅजपासून. साधारण ६ सेंमी जागा. त्यात पुस्तक, सूर्य, मशाल सगळं कोंबलं की भरतकामात नुसता गोळा होतो. एकच आकृती घ्या, रेघ १ मिमीपेक्षा बारीक नको. अक्षरं ६ मिमीच्या खाली गेली की मात्रा नि जोडाक्षरं बुजतात, म्हणून पूर्ण नाव पाटीवरच. ब्रीदवाक्य तर बॅजवर नकोच.

रंगारी: दोन रंग पुरेत. आधी गणवेशाचं कापड ठरवा, मग त्याला जुळणारी शाई. उलट केलंत तर त्या छटेचं कापड शोधत फिराल. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छपाईत मळकट दिसतो. झेरॉक्सवरही तपासा, दाखल्यांच्या प्रती तशाच फिरतात.

खडूफळा: फॉन्ट कोणता?

शाईदौत: ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा बालू किंवा मुक्ता, दोन्ही मोफत. प्रेसला अक्षरं कर्व्हज करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकृत्यांत बदलून, पीडीएफ द्या, नाहीतर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी भलतीकडेच जाते. भरतकामाला डीएसटी, म्हणजे मशीनला टाके सांगणारी फाइल वेगळी लागते.