नानकटाईने सुरुवात करा
लेकीबरोबर काहीतरी बेक करायचंय, पण ओव्हन नाही, ती सात वर्षांची आणि केक बसेल अशी धास्ती, असं म्हणताय तर नानकटाई करून बघा. १ वाटी मैदा, २ चमचे बेसन, अर्धी वाटी पिठीसाखर, चिमूटभर बेकिंग पावडर, वेलची आणि लागेल तसं थिजलेलं तूप, साधारण अर्धी वाटी. मळणं, गोळे वळणं, पिस्ते दाबणं तिच्याकडे (आमच्याकडे निम्मे पिस्ते आधीच तोंडात जातात). जाड कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकून १० मिनिटं तापवा. मग गोळ्यांची ताटली ठेवून मंद आचेवर २०-२५ मिनिटं. हे मात्र तुम्हीच करा. गरम असताना नानकटाई मऊच असते. कच्ची राहिली समजून मी पहिल्या घाण्याचा पार कोळसा केला होता!