दारावरचा मेझुझा आणि शेजार: तुमचे अनुभव सांगा

आळीतली_पोर
काल अलिबागला गेले होते, सहज इस्राएल आळीतून चक्कर मारली. शेजारच्या ज्यू काकूंचं घर बंद. चौकटीवर मेझुझा (धर्मवचनं ठेवलेली छोटी डबी) असायचा तिथे खिळ्यांची दोन भोकं आणि रंग न लागलेली बोटभर पट्टी. काकू येता-जाता त्यावर बोटं टेकवून ओठांना लावायच्या. आत काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "शमा, आमची प्रार्थना. तू आपला देव परमेश्वर ह्याच्यावर संपूर्ण मनाने प्रीती कर." आणि त्याच दमात, "आईचा ताप उतरला का गं?" आईला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे आमचं जेवण त्यांच्याकडून. आम्ही शाकाहारी, म्हणून नवं पातेलं आणलं. "मटणाची नि दुधाची भांडी वेगळी ठेवायची आम्हाला सवयच आहे," म्हणायच्या. शुक्रवारचा डबा दिवेलागणीच्या आत, मग शब्बाथ, त्यांचा विश्रांतीचा दिवस, चूल बंद.

वसईकर७
बायबलात मार्क 12 वाचा. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती विचारल्यावर येशूनेही हाच शमा म्हटला, आणि लेवीय 19 मधलं "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" त्याला जोडलं.
आमचं शेजाऱ्यांशी बांधावरून दहा वर्षं बोलणं बंद. 2018 च्या जुलैत पाणी भरलं तेव्हा आईने कडी काढली, त्यांच्या म्हाताऱ्याला मी पाठीवर आणलं. केस अजून चालू आहे, चहाही चालू आहे.

अश्दोदहून
त्याच लेवीय 19 मध्ये पुढे परक्यावरही तशीच प्रीती करा, तुम्हीही मिसरात परके होता, असं आहे. पप्पा इकडे इस्राएलला आले तेव्हा हिब्रूचा गंध नाही. मोरोक्कन शेजारीण दुकानात नेऊन दूध दाखवत "खालाव, खालाव" म्हणायची, पप्पांना हलवा ऐकू यायचं 😄 मग आईने खरंच गव्हाच्या चिकाचा हलवा करून दिला तिला.

सुगरण_नाही
चिकाचा हलवा!! रोश हशानाला, म्हणजे ज्यूंच्या नव्या वर्षाला, ताट यायचं आमच्याकडे. नारळाचं दूध ना त्यात?

नगरची_ताई
पाळक चर्चमध्ये चांगल्या शोमरोन्यावर, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्यावर, बोलले की माझी मान खाली जाते. 2020 ला वरच्या मजल्यावरचे आजोबा रात्रभर खोकायचे. मी दार उघडलं नाही, घाबरले होते. बरे झाले ते, पण जिन्यात भेटले की अजून मीच नजर चुकवते.

आळीतली_पोर
ताई, घाबरलो तर सगळेच होतो. आज वाटीभर काहीतरी घेऊन वर जा ना. @सुगरण_नाही हो, नारळाचंच. मटणाच्या जेवणावर साधं दूध चालत नाही त्यांना. घोटून घोटून काकूंचे हात भरून यायचे, मग मला बोलवायच्या ढवळायला.

नगरची_ताई
शेवयाची खीर टाकलीय. बघते.

सुगरण_नाही
प्रमाण द्या ना कुणीतरी. गव्हाला नारळ किती?

अश्दोदहून
आईला विचारून सांगते. इथे आता शब्बाथ लागतोय, फोन बंद. उद्या रात्री.