मदत हवी आहे: मुंबईत सेट केलेली फिशिंग बोट इथल्या धरणावर नीट उठत नाही

नमस्कार मंडळी,

नाशिकहून लिहितोय. गळाचा नाद घरात वडिलांपासूनचा. आजवर काठावर बसून, नाहीतर ओळखीच्या मच्छीमारांच्या वल्ह्याच्या होडीतून मरळ आणि शिवड्यासाठी गळ टाकत आलो. यंदा दोघा चुलतभावांबरोबर भागीदारीत स्वतःची बोट घेतली. इगतपुरी तालुक्यातल्या एका धरणावर चालवतो. पाटबंधारे खात्याची परवानगी, ठेका असलेल्या मच्छीमार सोसायटीची संमती आणि बोटीची नोंदणी असे तिन्ही कागद हातात आहेत, तेव्हा इथे त्यावर चर्चा नको. मला बोट नीट बसवायची आहे आणि चालवण्यात हात बसवायचा आहे.

बोट १६ फुटी, फायबरची. अमेरिकेत बास माशासाठी ज्या बोटी बनवतात त्याच धर्तीची, पण साधी. पुढे उभं राहून गळ फेकायला सपाट डेक, त्यावर खुर्ची, मध्ये स्टिअरिंग, मागे जिवंत मासे ठेवायची टाकी. इंजिन ४० एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावायचं), २० इंची शाफ्ट, ट्रिम (इंजिनचा कल खाली-आत किंवा वर-बाहेर करणं) बटणावर. पंखा ॲल्युमिनियमचा, तीन पात्यांचा, १३ पिच (म्हणजे एका फेऱ्यात कागदोपत्री १३ इंच पुढे जाणारा). नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर (गळ टाकताना हळू सरकायची विजेची छोटी मोटर) आहे, पण तिची बॅटरी मागे, इंजिनच्या बॅटरीशेजारी. पेट्रोलची टाकी मागे, बर्फाची पेटीही मागेच.

विक्रेत्याने मुंबईच्या खाडीत चालवून दाखवली तेव्हा बोटीत दोघंच होते आणि पेट्रोलची टाकी अर्धी होती. थ्रॉटल दिला की बोट झटक्यात पाण्यावर उठायची, म्हणजे पाणी कापण्याऐवजी त्यावरून घसरत जायची. इथे मात्र थ्रॉटल पुढे केला की नाळ आभाळाकडे जाते आणि स्टिअरिंगवर बसलेल्याला समोरचं पाणीच दिसत नाही. ती खाली बसेपर्यंत बोट बरंच अंतर कापते, आणि तेवढं अंतर आम्ही आंधळेपणाने जातो. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे. या धरणावर पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर पाय दुमडून बसलेली माणसं जाळी उचलत असतात. पाण्याच्या वर त्यांचं फक्त अर्धं अंग दिसतं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं पोट या पाण्यावर आहे. आमच्या हौसेपायी त्यांच्यातल्या कुणाला इजा झाली तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून सध्या आम्ही हळूहळूच फिरतो.

बाकीच्या तक्रारी अशा. बोट एकदा उठली आणि वेग वाढवला की नाळ एका लयीत वर-खाली आपटायला लागते. ट्रिम खाली घेतलं की आपटणं थांबतं, पण मग बोट जड चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढतं. वळणावर, त्यातही डावीकडे वळताना, इंजिन एकदम किंचाळतं, आरपीएम चढतात आणि वेग पडतो. तिघं बसलेले असताना पूर्ण थ्रॉटलला आरपीएम ४७०० वर अडकतात. मॅन्युअलप्रमाणे ते ५००० ते ६००० हवेत. मोबाइलच्या जीपीएसवर वेग ताशी ३७ किलोमीटर. रनिंग-इन मॅन्युअलप्रमाणे झालंय, २० तासांची पहिली सर्व्हिसही झालीय आणि मेकॅनिकने टॅकोमीटर तपासलाय.

माझा अंदाज असा. आपला हा पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला अंदाजे ३ टक्के उतरते, म्हणजे ४० पैकी अडीचेक एचपी इथे येतायेताच गेली. शिवाय गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, त्यामुळे बोट थोडी खोल बसते. पण फरक जाणवतो तो याहून मोठा आहे. विक्रेता म्हणतो ६० एचपीचं इंजिन घ्या. बोटीच्या पाटीवर कमाल ५० एचपी लिहिलंय, त्यामुळे तो विषय माझ्यापुरता संपला.

तर जाणकारांना विचारायचंय की आधी काय बदलायचं आणि नंतर काय? बुडाला ॲल्युमिनियमची सरळ पट्टी धरून पाहिली, तर पंख्यावरची आडवी प्लेट बुडाच्या रेषेच्या जवळपास इंचभर खाली येते. इंजिन बसवायच्या बोल्टच्या भोकांत एक भोक वर घ्यावं का? पंखा ११ पिचचा घ्यावा का? आणि वाऱ्यात काठाला लावताना बोट भलतीकडेच जाते, त्यासाठी सराव कसा करावा? अमेरिकन व्हिडिओ भरपूर पाहिले, पण त्यातल्या बोटी आणि आमची बोट यांचा मेळ बसत नाही.

---

खाडीकिनारा (अलिबाग)

दादा, आउटबोर्डचं काम करतो म्हणून सांगतो, खिशात हात घालायच्या आधी वजन हलवा. तुमची यादी वाचली तर दोन बॅटऱ्या, पेट्रोल, बर्फ, माशांची टाकी आणि शंभरेक किलोचं इंजिन असं सगळं मागे आहे. ट्रॅक्टरला मागे जादा भार जोडला की पुढची चाकं उचलतात, तसंच झालंय. उंचीने अडीच एचपी खाल्ली हे बरोबर, पण नाळ आभाळाला जाते ती मुख्यतः वजनामुळे. आपटणंही बहुतेक त्यातूनच येतंय.

ट्रोलिंगची बॅटरी पुढच्या डेकखाली न्या. लेड-ॲसिडची असेल तर २५-३० किलो सहज पुढे जातील. दुसरा फायदा असा की ती मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअरच्या आसपास ओढते. लांब केबलमध्ये व्होल्टेज पडतं, बॅटरी जवळ आली की मोटरही जोर धरेल. बॅटरी पेटीत पट्ट्याने घट्ट बांधा, सर्किट ब्रेकर बॅटरीजवळच लावा, आणि पेट्रोलची टाकी किंवा पाइप त्या कप्प्यात येऊ देऊ नका. बर्फाची पेटी स्टिअरिंगच्या पुढे ठेवा. चालवताना माशांची टाकी रिकामी ठेवा, जागेवर पोचल्यावर भरा.

एवढं करून पुन्हा आरपीएम बघा. मग इंजिन एक भोक वर घ्या. प्लेट बुडाच्या रेषेत किंवा किंचित वर आली की ओढ कमी होते. वर घेतल्यावर पूर्ण वेगात इंजिनच्या मागून पाण्याची पिचकारी जोरात येते ना, ते बघायचंच. पिचकारी बारीक झाली तर भोक परत खाली.

पंखा शेवटी. तुमच्या इंजिनचा गिअर २ ला १ असेल तर ४७०० आरपीएमला पंखा मिनिटाला २३५० फेरे घेतो. १३ इंच पिचने हिशेब केला तर ताशी साडेसेहेचाळीस किलोमीटर व्हायला हवेत. तुम्हाला ३७ मिळतात, म्हणजे २० टक्के घसरण. अशा बोटीला ही थोडी जास्तच आहे, त्यामुळे सगळा दोष पंख्याच्या पिचवर टाकता येत नाही. पिच एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. ११ चा घेतला तर तुम्ही ५००० च्या वर जाल. वरचा वेग जरा कमी होईल, पण बोट लवकर उठेल. आणि चाचणी नेहमीच्या भाराने घ्या, तिघं आणि सगळं सामान बोटीत ठेवून. रेंजच्या खाली इंजिन दाबून चालवत राहणं त्याच्या तब्येतीला वाईट.

स्टिअरिंग उजवीकडे ओढतं त्यावर सोपा उपाय आहे. प्लेटच्या खाली छोटं पातं असतं, त्याचा बोल्ट सैल करून मागचं टोक थोडं उजवीकडे फिरवा.

एक विचारायचं राहिलं. फिश फाइंडरचा (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राचा) सेन्सर मागे कुठे बसवलाय?

---

धागाकर्ता

विक्रेत्याने बसवून दिलाय. डाव्या बाजूला, मधल्या कण्यापासून वीतभर अंतरावर.

---

खाडीकिनारा (अलिबाग)

मग डावीकडे वळताना जे किंचाळतं त्यातलं बरंचसं तिथून येत असणार. सेन्सर पाणी फाडतो, बुडबुडे थेट पंख्यात जातात. तो पंख्याच्या मध्यापासून निदान १५ इंच लांब हवा. पंखा मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरणारा असेल तर सेन्सर उजव्या बाजूला घ्या, तिकडे पाती खाली जातात. आणि वळायच्या आधी ट्रिम आत घ्या. ट्रिम बाहेर ठेवून वळलात तर कुठलाही पंखा हवा पकडतो.

---

टेक्सासमधला नाशिककर

इथे माझ्याकडे बास बोट आहे म्हणून लिहितो. व्हिडिओंशी मेळ बसत नाही याचं कारण बुडात आहे. बास बोटीची सुरुवात १९४८ ची, लुइझियानात होम्स थर्मंड यांनी बांधलेल्या स्कीटर नावाच्या बोटीपासून. आजच्या बोटी १८ ते २१ फुटी असतात, त्यांना १५० ते २५० एचपी लावतात, आणि बुडाखाली मागे एक अरुंद सपाट पट्टा असतो. वेगात जवळजवळ सगळी बोट त्या पट्ट्यावर तोलली जाते. त्यामुळे ट्रिम खूप बाहेर काढा, इंजिन कितीतरी वर घ्या, हे सल्ले त्या बुडासाठी आहेत. तुमच्या बुडाला तो पट्टा नसेल तर त्यातलं काही लागू पडणार नाही.

निघायची पद्धत मात्र सगळीकडे सारखी. ट्रिम पूर्ण आत. समोर आणि दोन्ही बाजूंना नजर टाकून पाणी मोकळं आहे याची खात्री करा आणि मगच थ्रॉटल ठाम पुढे द्या. अर्धवट दिलात तर नाळ वर धरूनच बोट रेंगाळते आणि तुम्हाला जे आंधळेपण नको आहे तेच लांबतं. नाळ खाली बसली की थ्रॉटल जरा मागे, मग ट्रिमचं बटण टिचकी-टिचकीने वर. स्टिअरिंग हलकं झालं की थांबा. नाळ आपटायला लागली की एक टिचकी खाली. थांबताना थ्रॉटल एकदम तोडू नका, मागची लाट चढून आत येते.

दोन गोष्टींत तडजोड नको. पुढच्या डेकवरच्या खुर्चीवर चालत्या बोटीत कुणीही बसायचं नाही, आपटणाऱ्या नाळेवरून माणूस थेट पंख्यासमोर पडतो. आणि इंजिन बंद करणारी ती लाल दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवलेली पाहिजे. २६ फुटांच्या आतल्या बोटी वेगात चालवताना ही दोरी लावणं अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून कायद्याने सक्तीचं आहे. चालवणारा पडला आणि इंजिन चालू राहिलं तर रिकामी बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येते.

काठाला लावायचा सराव मोकळ्या पाण्यात करा. एखादा रिकामा कॅन दगड बांधून सोडा आणि तोच काठ समजा. नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जायचं. आधी स्टिअरिंग फिरवायचं, मग गिअर टाकायचा, क्षणभर जोर, परत न्यूट्रल. पंखा फिरत नसेल तर स्टिअरिंगला काही अर्थ नाही. लोक नेमके गिअर काढतात आणि मग चाक फिरवत बसतात.

---

धरणकाठ (इगतपुरी)

भाऊ, तराफ्यावरच्या माणसांचा विचार आधी केला, बरं वाटलं. आमच्या घरात जाळ्याचंच काम आहे.

सोसायटीच्या लोकांना एक दिवस बोटीत घेऊन फिरा आणि जाळी कुठे लागतात ते दाखवून घ्या. जाळं संध्याकाळी लागतं, पहाटे उचलतात. या दोन वेळांना काठाच्या बाजूने वेगात जाऊच नका, मधल्या खोल पाण्यातून जा. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं समजायचं. नायलॉन पंख्यात गेलंच तर इंजिन बंद करा, वर उचला आणि हाताने सोडवा. घरी आल्यावर पंखा काढून शाफ्टवर धागा उरलाय का बघा. तो आतलं सील कापतो, पाणी शिरतं आणि गिअर ऑइल दुधासारखं होतं.

आणि आवर्तन सुटलं की पाणी बघता बघता उतरतं. गेल्या महिन्यात जिथून आरामात गेलात तिथे आता जुना बांध, विहिरीचा कठडा नाहीतर बाभळीचा बुंधा पाण्याखाली हातभर असतो. गाळपेराची जमीन उघडी पडायला लागली की रोजची वाट नव्याने हळू जाऊन तपासा. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा उठतो, तेव्हा लाटा उभ्या होतात. सकाळी लवकर निघून ऊन चढायच्या आत परत या.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅटरी डेकखाली गेली, बर्फाची पेटी पुढे घेतली, माशांची टाकी रिकामी ठेवली. फक्त एवढ्यानेच नाळ आता निम्मीच उचलते आणि उभं न राहता समोरचं दिसतं. आपटणंही पूर्ण वेगालाच उरलंय. आरपीएम फारसे वाढले नाहीत, म्हणून इंजिन एक भोक वर घेऊन बघणार आणि ११ पिचचा पंखा मागवतोय. समोरचं पूर्ण दिसेपर्यंत पहाटे वेगात जाणार नाही. येत्या रविवारी सोसायटीचे दोघं जण जाळ्यांच्या जागा दाखवायला बोटीत येणार आहेत.

आता सेन्सर उजवीकडे हलवायचाय, तर ट्रान्सममधली (बोटीच्या मागच्या भिंतीतली) जुनी स्क्रूची भोकं कशी बुजवू? आत प्लायवूड आहे असं दिसतंय. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन चालेल का?

---

खाडीकिनारा (अलिबाग)

सिलिकॉन नको. भोकं कोरडी होईपर्यंत बोट ट्रेलरवर उन्हात ठेवा, ओल आत राहिली तर प्लाय कुजतं. मग इपॉक्सीने पूर्ण भरा आणि वर पॉलिश करा. नवीन भोकांत स्क्रू घालण्याआधी पाण्याखाली चालणारं मरीन सीलंट भरा. पाण्यात सोडायच्या आधी बुडाचा बूच लावलाय का बघा आणि नवा पंखा बसला की आरपीएम इथे कळवा.