तिसरी-चौथीचे पोट्टे तलावावर न्यावे का?

पाळीवरचा :
आमच्या भंडाऱ्याकडे गावोगावी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले; मामा तलाव म्हणतात त्यांना. बहुतेक ठिकाणी शाळेपासून हाकेच्या अंतरावर. तरी परिसर अभ्यासात पोरं चित्राखाली 'जलचर' लिहून मोकळी होतात. माझं म्हणणं, तिसरी ते पाचवीचा आठवड्यातला एक तास पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, व्हावा. सहल नको, तास.
पांढऱ्या ताटलीत तलावाचं पाणी घ्या. चतुराची अळी सापडते, चिखलाच्या रंगाची, मेल्यासारखी पडून. डासाची अळी जवळ आली की दुमडून ठेवलेला खालचा ओठ झटक्यात पुढे टाकून तिला धरते. हे पाहिलेलं पोर अन्नसाखळीची व्याख्या विसरलं तरी माझी तक्रार नाही.

दोन पोरींचा बाप :
बोलाले काय जाते! दोन शिक्षकी शाळा. एक मास्तर मीटिंगले, दुसऱ्याच्या गळ्यात चार वर्ग. पाण्याकाठी तो कोणाकोणाले धरंल? एखादं घसरलं तं निलंबन त्याचंच. आमच्या चंद्रपूरकडे मोहफुलं वेचाले गेलेल्या मानसाले वाघानं धरल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात असतात, अन् तुम्ही वर्ग बाहेर काढा म्हणता.
दुसरं, शेतकऱ्याच्या पोराले चिखल काय शिकवता? त्याले गणित द्या, इंग्रजी द्या. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम, म्हंजे हातकामातून शिक्षण, ठरली. तवापासून हाताचं शिक्षण गावाले, अन् साहेबाचे पोट्टे कॉन्व्हेंटले!

ढिवराची लेक :
कॉन्व्हेंटचा टोला बरोबर बसला. पण 'पोराला सगळं येतंच' हे अर्धंच खरं. रोवणीच्या दिवसांत पोरं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतात, राबतात. हे असं का होतं, ते त्यांना तिथं कोणी विचारत नाही.
आमच्या तलावात बेशरम नावाची वनस्पती माजली आहे. कापून पाळीवरच टाकली तर ओल्या मातीत त्या तुकड्यांना पुन्हा मुळं फुटतात. दोन तुकडे लावा, एक ओलीत, एक सुक्यात, आणि पोरांना आठवडाभर पाहू द्या. आम्ही ढिवर, म्हणजे मासेमार. कोणत्या वनस्पतीत मासा अंडी घालतो हे माझ्या बाबांना तोंडपाठ आहे. शाळेनं त्यांना कधी बोलावलं नाही. उलट 'जा, मासे धर' म्हणून आमच्याच पोरांना वर्गात हिणवतात. त्या तासाला बाबा पाहुणे म्हणून आले तर हिणवणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतील.

कपाशीवाला, यवतमाळ :
आमच्याकडे कुठला तलाव! पण फुलं धरल्यावर कपाशीत डोमकळी पाहा : पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल. हातानं उलगडलं की आत बोंडअळी. चौथीच्या पोरालाही ओळखता येते.
अट एकच, फवारणी झालेल्या वावरात लेकरू जाता कामा नये. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात शेतमजूर दगावले. त्यामुळे डोमकळ्या मोठ्यांनी तोडून शाळेत आणाव्या, तेही फवारा न मारलेल्या झाडाच्या. हा वर्ग ओट्यावरच बरा.

पाळीवरचा :
वाघाच्या पट्ट्यात पाळीचा हट्ट नाही, तिथं ताटली शाळेच्या आवारात आणा. पण सगळीकडे तेच नको. ताटलीत अळी दिसते. पाणी कुठून येतं, सांडव्यावरून कोणाच्या बांधीत उतरतं, ते पाळीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. राहिला सोबतीचा प्रश्न. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असावेत असा कायदाच आहे. ते नुसते सह्यांपुरते का? दर आठवड्याला दोघांचा नंबर लावा.

दोन पोरींचा बाप :
ओट्यावरच्या डोमकळीले माझी ना नाही. ढिवरबाबालेही बोलवा, पण मानधन द्या. फुकटात ज्ञान नेणारे लई पाहिले. पाळीवर मात्र पावसाळ्यात माह्या पोरी येनार नाहीत, दिवाळीनंतर पाहू. अन् समितीतले पालक म्हणजे आमच्यासारखेच रोजमजुरीवाले. धानकापणीत रोजी बुडवून तलावावर पोट्टे राखाले कोण येते, दोन नावं सांगा.

पाळीवरचा :
एक नाव माझं लिहा. दुसरं तुम्ही द्या.